शिवला की सोडायचा नाही

"मांडीवर बस हवं तर, पर माझ्या नारळावर बसू नगंस पोरी," बाकड्यावरची म्हातारी म्हणाली.

मी बसले नव्हते. गर्दीनं मला बसवलं होतं. माझा एक पाय पत्र्यावर होता, दुसरा कुणाच्या तरी पिशवीवर, आणि पिशवीत काहीतरी जिवंत होतं. देवठाणच्या जत्रेला निघालेली गाडी दारापासून मागच्या काचेपर्यंत अशी ठासून भरली होती की शेजारच्याला शिंक आली तरी आपण हलायचो. नारळ, गुलाल, घाम, डालग्यातल्या कोंबड्या, कुणाच्या तरी कडेवरचं रडून रडून थकलेलं पोर. कंडक्टर दारातून ओरडत होता, "मागं सरका, मागं! मागं लई जागा हाय!"

"असंल तर घरी ने की बांधून," म्हातारी म्हणाली. तेवढा भाग हसला. बाकीच्यांना हसायलाही जागा नव्हती.

आम्ही सातजणी होतो. पाडळवाडीच्या तालीम मंडळाचा मुलींचा कबड्डी संघ. राखीव कुणी नव्हती, कारण आठव्या पोरीला घरून सोडलंच नव्हतं. देवठाणच्या जत्रेत त्या वर्षी पहिल्यांदाच मुलींचे सामने ठेवले होते. आम्हाला शिकवणारे डांगेसर पुढं ड्रायव्हरच्या पाठीशी अडकले होते. आम्हाला दिसत होती ती त्यांची टोपी.

"शालन! आत ये. मधी ये," जैबुन ओरडली.

जैबुन मुलाणी आमची कर्णधार. उंच, सडसडीत, आवाज कायमचा बसलेला. गाडीत उभं राहायची आमची एक रीत होती, ती सरांनी नाही, जैबुननं बसवली होती. सगळ्यात नवी पोर मध्ये. बाकीच्या तिच्याभोवती, तोंडं बाहेर, पिशव्या पोटाशी, हातात हात. मैदानात करतो तीच साखळी. फक्त मैदानात ती पकडायला असते आणि गाडीत ती

इथं वाक्य तोडते. तेव्हा आम्हीही ते कधी पुरं करत नव्हतो.

सगळ्यात नवी मी होते. एकोणीस वर्षांची, संघात आल्याला चार महिनेही झाले नव्हते. पहिल्या प्रवासात जैबुननं नियम सांगितले होते. कोपर मारायचं. टाचणी टोचायची. पायावर पाय द्यायचा, टाचेचा.

"आणि वरडायचं न्हाई."

"का?"

"वरडलीस की गाडी थांबती. गाडी थांबली की लोक इच्यारत्यात. लोकांनी इच्यारलं की गावात कळतं."

"मग?"

"मग पुढच्या सामन्याला तू घरी भाकरी थापतीस."

ते मला समजावून सांगायची गरज नव्हती. आमचे आप्पा लोहार. भात्यापुढं बसणारा माणूस कमी बोलतो. मला खेळायला सोडताना ते एकदाच बोलले होते. "खेळ. पर तुझ्या नावानं गावात एक शब्द आला, चांगला न्हाईतर वाईट, त्या दिवशी खेळ बंद."

"चांगला आला तरी?"

"चांगल्याच्या मागनंच वाईट येतो."

त्या दिवशी मी मध्ये नव्हते. वळणावर एक ढोलवाला त्याच्या ढोलासकट आमच्या साखळीतून आरपार गेला, साखळी तुटली आणि मी म्हातारीच्या नारळांवर जाऊन पडले. परत जायला दोन हातांचं अंतर होतं. त्या गाडीत दोन हात म्हणजे दोन कोस.

माझ्या मागं एक माणूस उभा होता. पांढरा शर्ट, पांढरी पँट, अत्तराचा वास. एवढ्या गर्दीत त्याची इस्त्री मोडली नव्हती, हे मला आधी दिसलं. मग एक हात माझ्या कमरेवर आला. वाटलं, गाडी हलतेय म्हणून. पुढं मेंढरं आडवी आली, गाडी थांबली. हात हलतच होता.

मी कोपर मारलं. टाच दिली. टाचणी जैबुनकडं होती.

जैबुनला दिसलं. तिनं मान हलवली, थोडी. म्हणजे: थांब, येते. आणि ती गर्दीत खांदा घालून माझ्याकडं सरकायला लागली, बाकीच्या तिच्या मागं.

मी थांबले. गप्प. म्हातारी मला विचारत होती, "कुणाची गं तू?" मी म्हणाले, "लोहाराची." हात परत आला.

पुढचं एका दमात सांगते, कारण ते एका दमात झालं, सर रोज सकाळी माळावर एकच गोष्ट ओरडायचे, शिवला की सोडायचा नाही, चढाईवाली शिवून परत गेली तर तू बादच आहेस, मग धर, मरायचंच तर धरून मर, आणि ते माझ्या डोक्यात नाही, हातात गेलं होतं, म्हणून मी काहीच ठरवलं नाही, ठरवलं असतं तर गप्प राहिले असते, माझे दोन्ही हात मागं गेले, मनगट सापडलं, ते दोन्ही पंजांत आवळून मी खाली बसले, जशी कोपऱ्यात बसते तशी, आणि बसताना सवयीनं तोंडातून निघालं, "हेऽऽ", आणि "हेऽऽ" ऐकलं की काय करायचं हे त्या सहाजणींच्याही हातातच होतं, जैबुननं ढोलावरून झेप घेतली, एकीनं गुडघे कवळले, एक कमरेला लोंबली, डालगं कलंडलं, कोंबडी म्हातारीच्या डोक्यावर, "मेले गं बाई", आणि उभं राहायला जागा नसलेल्या त्या गाडीत एक पुरा माणूस आडवा झाला आणि त्याच्यावर सातजणी आणि

शिट्टी झाली नाही.

मैदानात शिट्टी झाली की सोडतात. इथं कोण वाजवणार? आम्ही धरूनच राहिलो. शेवटी कंडक्टरनं दोरी ओढली, घंटी वाजली, गाडी थांबली. तेव्हा कुठं आम्हाला कळलं की आम्ही काय करून बसलोय.

"काय झालं? काय झालं?"

"पाकीट मारलं काय?"

"हाफपँटीवाल्या हायत त्या, कबड्डीच्या. ह्यांचा सराव गाडीतच चाललाय!"

सगळे आमच्याकडं बघत होते. पुढून सरांची टोपी वळली होती. तो माणूस उठला, शर्ट झाडला आणि कंडक्टरला म्हणाला, "काही नाही. पोरींचा तोल गेला."

मी जैबुनकडं बघितलं. जैबुन पायांकडं बघत होती.

"व्हय," मी म्हणाले. "तोल गेला."

तो पुढं सरकला. इतका वेळ मुंगीला वाट नव्हती, त्याला मिळाली. म्हातारीनं डोक्यावरची कोंबडी काढून ज्याची त्याला दिली, केस नीट केले आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "आमच्या येळंलाबी असाच तोल जायाचा. सारखा जायाचा."

देवळामागच्या वावरात मैदान आखलं होतं. पांढऱ्या चुन्याच्या रेषा, भोवती बांबू, बांबूंना टेकून सगळी जत्रा. पोरी हुतूतू खेळणार म्हटल्यावर पाळणेसुद्धा रिकामे पडले होते. एका टेबलावर माईक होता आणि निवेदक घसा फोडून आमची नावं चुकीची सांगत होता. पहिल्या रांगेत, उसाच्या रसाचा ग्लास हातात घेऊन, माझे चुलते उभे होते. गणूतात्या. आप्पांचे धाकटे भाऊ. गावात बातमी पोचवायची तर पोस्टापेक्षा तात्या बरे, असं लोक म्हणायचे.

"पंच येत आहेत! टाळ्या!"

पंच आले. पांढरा शर्ट, पांढरी पँट. इस्त्री मोडलेली. गळ्यात शिट्टी.

"गाडीत झाली न्हाई ती शिट्टी आली बघ," जैबुन पुटपुटली.

समोर वडगावच्या पोरी होत्या. त्यांची कर्णधार ठेंगणी, खांदे पैलवानाचे, बोलणं नाही, नुसतं बघणं. त्या चांगल्या खेळत होत्या. आम्हीही. पण जैबुन दोघींना शिवून मध्यरेषेवर आली की शिट्टी वाजायची. "दम तुटला. बाद." आमच्या कोपऱ्यातल्या पोरीनं घोटा धरला की शिट्टी. "रेषेबाहेर पाय. बाद." माझी चढाई आली. मी कबड्डी कबड्डी म्हणत गेले, एकीला शिवले, परत आले, आणि तो माझ्याकडं बघून सावकाश शिट्टी तोंडाला लावत म्हणाला, "तोल गेला. बाद."

असा नियम कबड्डीत नाही.

सर मैदानात धावले. त्यांना बाहेर बसवलं.

मध्यंतरात आम्ही लिंबाखाली. पाण्याची घागर मध्ये. सरांचा चेहरा लाल झालेला.

"ह्याचं आपलं काय वाकडं हाय? कुणी काय बोललं का ह्याला? जैबुन?"

जैबुन पाणी प्यायली.

"अगं, तोंडाला कुलपं घातलीत का? मी वाद घालायचा तरी कशावर?"

सर चिडून टेबलाकडं गेले. ते गेल्यावर जैबुन माझ्याजवळ येऊन बसली.

"हात तुला लावला त्यानं," ती म्हणाली. "म्हणजे हे तुझं हाय. तू म्हणशील तसं. न्हाई म्हणलीस तर आपण असंच हरू, घरी जाऊ, आणि पुढच्या सामन्याला परत गाडीत बसू. मी एक शब्द काढणार न्हाई."

"आणि व्हय म्हणले तर?"

"तर गणूतात्या तिथं रस पितोय."

"तुझ्या घरी?"

"माझं माझ्या घरी बघीन मी."

"त्या बाकीच्या?"

बाकीच्या पाचजणी बुटांच्या नाड्या बांधत होत्या. आमच्यातल्या तिघींकडं बूट नव्हते. त्यासुद्धा नाड्या बांधत असल्यासारख्या वाकून होत्या.

मला त्या वेळी धीट वगैरे वाटत नव्हतं. मला राग आला होता, आणि तोही हाताचा नाही. तो मला शेवटच्या चढाईचा आला होता. मी शिवले होते. दम शाबूत होता. मी परत आले होते. माझी चढाई चांगली होती, आणि ती माझी राहू दिली नव्हती.

मध्यंतर संपलं. पंचानं शिट्टी वाजवली. चढाई आमची होती. मी मध्यरेषेपर्यंत चालत गेले, रेषेला हात लावून नमस्कार केला, आणि वडगावच्या बाजूला जायच्या ऐवजी सरळ टेबलाकडं गेले. निवेदक म्हणत होता, "पाडळवाडीची शालन लोहार चढाईला, पण ही चालली कुठं, मंडळी ही चालली कुठं?" मी त्याच्या हातातून माईक घेतला. त्यानं दिला. बहुतेक मीच हिसकावला.

या वेळी दम नव्हता. एकेक वाक्य आलं. थांबून.

"मी शालन लोहार. पाडळवाडी. ह्या पंचानं सकाळी गाडीत माझ्या अंगाला हात लावला. मी त्याला धरला. आम्ही सातजणींनी धरला. म्हणून तो आम्हाला बाद देतोय. आम्हाला दुसरा पंच द्या."

कर्ण्यातून माझाच आवाज देवळावर जाऊन परत आला. "...पंच द्या." पाळण्याचं यंत्र कुणीतरी बंद केलं. गणूतात्यांच्या ग्लासातला रस सांडत होता, त्यांना पत्ता नव्हता.

पंच हसला. "खोटं. हिनंच सगळ्या गाडीसमोर सांगितलं, तोल गेला म्हणून. विचारा. मी कुणा मुलीला ओळखतही नाही."

"मग ती काय म्हणली ते तुमाला कसं ठावं?" मागून कुणीतरी म्हणालं.

लोकांत खसखस पिकली. आणि ती खसखस कुणीकडं वळेल हे कळेना. जत्रा आहे. जत्रेला कशाचंही हसू येतं. पहिल्या रांगेतला एकजण म्हणाला, "गर्दीत लागतो हात. त्यात काय येवढं?"

तेव्हा वडगावची ती ठेंगणी कर्णधार मध्यरेषा ओलांडून आमच्या बाजूला आली. चालत. कबड्डी न म्हणता. कबड्डीत असं कुणी रेषा ओलांडत नाही. तिच्या मागं तिच्या सहाजणी. ती माझ्याशेजारी उभी राहिली, माईककडं तोंड केलं आणि पहिल्यांदा बोलली.

"ह्याच्या शिट्टीवर जिंकल्यालं आमाला नगं."

एवढंच. जत्रा कमिटीचे एक म्हातारे टेबलामागं बसले होते, फेटा सरळ करत उठले. पंचाकडं बघून म्हणाले, "पावणं, बाही वर करा जरा."

"कशाला?"

"पोरींनी धरला म्हणत्यात. लोहाराची पोर धरंल तर वळ राहतील. नसतील तर पोरी खोट्या. करा की वर."

पंचानं बाहीचं बटण हातानं झाकलं. काय करतोय हे त्याच्या लक्षात आलं, मग त्यानं हात काढला, पण तोवर सगळ्यांनी बघितलं होतं. त्यानं गळ्यातली शिट्टी काढून टेबलावर ठेवली आणि जत्रेतून निघून गेला. या वेळी त्याला कुणी वाट करून दिली नाही. खांद्यांना खांदे लावत, अंग चोरत, "जरा सरका, जरा सरका" म्हणत तो गेला.

नवीन पंच म्हणून जत्रेतल्या कुस्त्यांचा एक वस्ताद उभा केला. सामना पहिल्यापासून झाला.

आम्ही हरलो. खणखणीत हरलो. वडगावच्या त्या ठेंगणीनं मला दोनदा धरलं आणि दुसऱ्या वेळी खाली पाडून कानात म्हणाली, "डावा पाय आधी टाकतीस. कळतंय ते."

परतीच्या गाडीत तेवढीच गर्दी. कुणी उठून जागा दिली नाही. आम्ही उभ्याच आलो, हातात हात. मला कुणी मध्ये घेतलं नाही; मीही तोंड बाहेर करून साखळीत उभी होते.

एकीला घरच्यांनी त्यानंतर पाठवलं नाही. कमरेला लोंबलेली होती, ती. तिचं नाव मी इथं लिहीत नाही, पण संघ सातजणींचा होता हे लिहिते.

मी घरी पोचले तेव्हा गणूतात्या आधीच येऊन गेले होते. आई चुलीपाशी होती. आप्पा जेवले आणि झोपले. त्या घरात कुणी मला काही विचारलं नाही, आणि मला कळलं की खेळ संपला. बॅग मी खुंटीला अडकवली. उघडलीही नाही.

सकाळी मात्र उठले, बॅग घेतली आणि दारातून निघाले. सरावाला नव्हे, सराव त्या दिवशी नव्हता. पुढच्या आठवड्यात तालुक्याला सामने होते आणि सर नावं द्यायला जाणार होते, जिला यायचं तिनं यावं म्हणाले होते. भट्टी दाराशेजारीच होती. आप्पा कोळसे चेतवत होते. गणूतात्या समोरच्या दगडावर बसून, तेच, परत पहिल्यापासून सांगत होते.

"...सगळ्या जत्रंत, दादा. कर्ण्यावरनं! लोहाराची पोर म्हणून. आरं, पाटलाच्या कानावर गेलं, सोसायटीत गेलं. आता गावभर नाव झालं तिचं. मी तर खाली मान घालून आलो."

"कुठं निघालीस?" आप्पा मला म्हणाले.

"नाव द्यायला. तालुक्याचं."

"कशानं?"

"गाडीनं."

तात्यांनी मांडीवर थाप मारली. "ऐकलंस?"

आप्पांनी भाता थांबवला. उठले. धोतराला हात पुसले आणि उजवा हात माझ्यापुढं केला. ते मनगट मी लहानपणापासून बघत आले होते, पण धरलं कधी नव्हतं. घणाचं मनगट. माझ्या एका पंजात मावणारं नव्हतं.

"त्याला जसा धरला हुतास, तसा धर."

"आप्पा..."

"धर म्हणतो."

मी बॅग खाली ठेवली. दोन्ही हातांनी मनगट आवळलं आणि बसले. त्यांनी ओढलं. मी हलले नाही. त्यांनी पिळा दिला, खांदा लावून, गरम लोखंडाला देतात तसा. मी त्या पिळ्याबरोबर फिरले, गुडघा मातीत खरवडला, पण सोडलं नाही. त्यांच्या कपाळावर शीर आली. आई दारात येऊन उभी राहिली. पत्र्याची बादली लवंडली, पाणी भट्टीपर्यंत गेलं. आप्पा दातओठ खाऊन ओढत होते. ते मला खेळवत नव्हते, हे मला त्यांच्या श्वासावरून कळत होतं. त्यांना ते मनगट खरोखर सोडवून न्यायचं होतं, आणि ते सुटत नव्हतं.

"बास," ते म्हणाले.

मी सोडलं. त्यांनी मनगट उजेडात धरून बघितलं. माझी बोटं त्यावर उठली होती, पांढरी, मग लाल. मग ते तसंच तात्यांच्या नाकापुढं नेलं.

"गणू, गावात सांगत फिरतोस न्हवं?"

"म्हंजी, लोकच इच्यारत्यात..."

"सांग की. पर अर्धं सांगू नगंस. पोरीला हात लावला, हितं थांबू नगंस." आप्पा भात्यापाशी परत बसले, कोळसे सारखे केले. "तिनं धरला म्हणून सांग. आणि सुटला न्हाई म्हणून सांग."